सात नग पूर्ण, डी४ मात्र नाही: आठ महिने वापरल्यानंतर

आधी हिशेब. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळासाठीचा सात नगांचा डाइस (फासे) सेट ३९९ रुपये, वर ६० रुपये पोचवणावळ. डी४ म्हणजे चार बाजूंचा फासा, डी२० म्हणजे वीस बाजूंचा, तसंच बाकीचे. नियमांची पीडीएफ फुकट, पण वडशाच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे पैसे वेगळे. जूनमध्ये मागवला होता, आता फेब्रुवारी संपत आला. दर शनिवारी दुकान बंद केलं की मागच्या गोदामात खताच्या पोत्यांवर बसून आम्ही चौघं खेळतो: भाचा, त्याचा मित्र, भाऊजी आणि मी. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा, मीच, कारण इंग्रजी वाचायचा कंटाळा बाकीच्या तिघांना आहे.

दोन तारे देतोय. कारण सांगतो, थोडं लांबेल.

माझं कृषी केंद्र आहे. रोवणीच्या दिवसांत जेवायला फुरसत नसते, त्यामुळे डबा बारा दिवस गल्ल्याखाली पडून होता. उघडला तर डी२० आहे, डी१२ आहे, शेकड्याचा डी१० आहे, साधा डी१० आहे, डी६ आहे, डी८ आहे आणि परत एक डी८ आहे. डी४ नाही. मी डबा उलटा करून आपटला, फोम काढून पाहिला. नाहीच.

विक्रेत्याला चॅटवर लिहिलं. फोटो मागितला, पाठवला. उत्तर आलं, 'सात नग दिसत आहेत, आपली ऑर्डर पूर्ण आहे.' मी म्हटलं, सात आहेत हो, पण एक दोनदा आलाय आणि एक आलाच नाही. परत तेच उत्तर. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने माझ्याकडे एक पोतं युरिया आणि एक पोतं डीएपी मागावं, मी त्याला दोन्ही युरियाची द्यावीत आणि वर सांगावं, 'दोन पोती आहेत ना?' गावात उभा राहू देतील का मला? शेवटी परतीची सात दिवसांची मुदत संपली असं सांगून त्यांनी चॅट बंद केलं. बारा दिवस डबा न उघडणं ही माझी चूक, ती मान्य. पण डी४ डब्यात न घालणं माझी चूक नाही.

भाचा बारावीला आहे. तो म्हणाला, 'मामा, डी८ टाक, येईल त्याचं अर्धं कर, अपूर्णांक आला तर वरचा आकडा धर. झाला डी४.' गणित बरोबर आहे. १-२ चा १, ३-४ चा २, तसंच पुढे. मलाही ते माहीत होतं. तरी राग गेला नाही, कारण पैसे मी सात वेगवेगळ्या नगांचे दिले होते. त्यातही आमच्या टेबलावर नेमकं पात्र असं तयार झालं की त्याचं डी४ शिवाय पानही हलत नाही. ती गोष्ट भाऊजींची.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ऐन उमेदीत गावच्या नाट्यमंडळात विनोदी कामं करायचे. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (जत्रा), शंकरपट सुरू झाले की रात्र रात्र नाटकं चालतात. वडशात तर कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा भाऊजींनी घरचं कार्य असल्यासारखे पेढे वाटले होते. असा माणूस जुलैत एका रात्री पावसामुळे आमच्याकडे अडकला आणि म्हणाला, 'मलेबी घ्या खेळात.'

मी मूर्खासारखा पात्राचा फॉर्म वरून भरायला घेतला. रेस (जमात) कोणती, क्लास (पेशा) कोणता, सहा गुणांचे आकडे कोणते. छापून आणलेल्या बेसिक रूल्समध्ये चारच क्लास: फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार). एकेकाचं वर्णन मराठीत सांगत गेलो. कॉन्स्टिट्यूशनपाशी आलो तेव्हा भाऊजी सावरून बसले. 'संविधान?' म्हटलं नाही, इथे त्याचा अर्थ अंगातली काटक ताकद, मार सोसायची. माझ्याकडे १५, १४, १३, १२, १०, ८ असे ठरलेले सहा आकडे होते, त्यातला १४ मी तिथे टाकत होतो. 'म्हणजे संविधान, कलम १४. कायद्यापुढे सारे सारखे,' असं म्हणून ते स्वतःच हसले. पाऊण तासाने पाहतो तर भाऊजी पोत्याला टेकून घोरत होते. फायटर अर्धा राहिला. त्या रात्री मी मनात या खेळाला एकच तारा दिला होता आणि डाइस कोणाला विकता येईल का तेही पाहिलं होतं.

सकाळी चहा घेताना त्यांनीच विचारलं, 'बाबू, माही नक्कल कोठी हाये?' नक्कल म्हणजे नटाच्या वाट्याची भाषणं लिहिलेली वही. मी सांगितलं, इथे नक्कल नसते, तुम्ही तोंडाला येईल ते बोलायचं. बशी खाली ठेवून ते बघतच राहिले. 'लेखक नाही?' नाही. 'मंग पडलो तं प्रॉम्प्टर?' तोही नाही. 'मंग हे काल काऊन नाही सांगतलंस? तू तं मले आकडे सांगत बसला.'

तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, 'पडदा उघडला. तुम्ही कुठून येता, आणि आल्या आल्या काय करता?' ते म्हणाले, उजव्या विंगेतून, धोतर सावरत. खलनायक समोर उभा आहे. मी तलवार काढत नाही, त्याची अशी टर उडवतो की पब्लिक शिट्ट्या मारते आणि त्याचा हात थरथरायला लागतो.

हा बार्ड, गाण्या-बोलण्यातून जादू करणारा कलावंत. याला दुसरं नाव नाही. पण बेसिक रूल्सच्या चार क्लासांत बार्ड नाहीच. पुन्हा राग. मग शोधता शोधता सापडलं की २०१४ च्या नियमांचं एसआरडी, म्हणजे कोणालाही वापरता येणारा नियमसंग्रह, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर दिलेलं आहे आणि त्यात बाराही क्लास आहेत. चारशेच्या वर पानं. मी बार्डची आणि त्याच्या स्पेलची (मंत्रांची) पानं तेवढी छापली, बाकी मोबाईलवर. इथे माझं मत बदललं, म्हणून मनातला तो एक तारा खोडून दोन केले आहेत.

आकडे मग दहा मिनिटांत बसले, कारण कुठला आकडा कशाला हे त्यांना आता कळत होतं. करिझ्मा म्हणजे स्टेजवर आल्या आल्या पडणारी छाप, तिला १५. डेक्स्टेरिटी, चपळाई, १४. इंटेलिजन्स आणि विज्डममधला फरक मी धानावर समजावला: तुडतुड्याचं औषध कोणतं हे पुस्तकात वाचून सांगणं ही इंटेलिजन्स, आणि बांधावर उभं राहून 'या बांदीत तुडतुडा आलाय' हे नजरेने ओळखणं ही विज्डम. भाऊजींनी विज्डमला १२ दिले, इंटेलिजन्सला १०. कॉन्स्टिट्यूशनला १३. स्ट्रेंथला ८, 'भांडण करायचंच नाही तं ताकद काहाले?' संविधानाचा १४ वरून १३ झाला याची रुखरुख मात्र त्यांना आजही आहे.

रेस हाफलिंग (बुटके लोक) घेतली, त्यातली लाइटफूट. डेक्स्टेरिटीत दोन आणि करिझ्मात एक वाढून दोन्ही १६ झाले, म्हणजे दोन्हीकडे फाशाच्या आकड्यात अधिक तीन. हाफलिंगला डी२० वर १ पडला तर परत टाकता येतो, हे ऐकून 'असा नियम मले लग्नाच्या वेळी पाहिजे होता' म्हणाले. ताई आत होती म्हणून वाचले. हिट पॉइंट (किती मार सोसेल) नऊ, चामड्याच्या चिलखतावर आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १४. बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) फोक हीरो, म्हणजे लोकनायक, ते बेसिक रूल्समध्येच आहे.

आता मूळ दुखण्याकडे या. बार्डचा हुकमी कॅन्ट्रिप (कितीही वेळा वापरता येणारा छोटा मंत्र) म्हणजे व्हिशस मॉकरी. शत्रूला टोमणा मारायचा. विज्डमचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला तर त्याला इजा होते आणि त्याचा पुढचा वार डिसअॅडव्हान्टेजने (दोनदा टाकून कमी आकडा धरून) पडतो. इजा किती? १ डी४, म्हणजे एक डी४ टाकून येईल तेवढी. जखमी सोबत्याला उभं करायचा हीलिंग वर्ड, तो किती? १ डी४ अधिक करिझ्मा. कमरेला सुरुवातीपासून खंजीर असतो, त्याची इजा? १ डी४. तिन्ही कामं त्याच एका नगावर, आणि तोच आमच्या डब्यात नाही.

डी८ अर्धा करून चालवलं. चाललं, पण भाऊजी अर्धं करायचं विसरायचे. गॉब्लिनचे (हा छोटा राक्षस) हिट पॉइंट सात असतात. पहिल्याच लढाईत त्यांनी उभं राहून हात नाचवत टोमणा हाणला, 'तुले बांदीत उभा केला तं तुडतुडाबी वावर सोडून जाईन!' डाइस टाकला, आठ आला, 'मेला!' म्हणून ओरडले. भाचा म्हणाला, मेला नाही, चारच. सगळी मजा गेली. विनोदी नटाची टाळी गणितासाठी थांबवायची म्हणजे काय ते तिथे बसलेल्यालाच कळेल. टोमणा कळायला गॉब्लिनला झाडीबोली यावी लागत नाही, फक्त कानावर पडला पाहिजे, हे नियमातच आहे. त्यावर भाऊजींचा या खेळाबद्दलचा आदर एकदम वाढला.

भाच्याने दुसरा उपाय काढला: २०२४ चे नवे नियम घेऊ, त्यात व्हिशस मॉकरीची इजा डी६ केली आहे, डी६ तर आपल्याकडे आहे. वाचून पाहिलं, खरं आहे. पण त्याच नव्या नियमांत हीलिंग वर्ड २ डी४ झाला आहे. म्हणजे आधी एक डी४ नव्हता, आता दोन नसणार. २०१४ वरच राहिलो.

बाकी सेट कसा आहे तेही लिहितो, नाहीतर म्हणाल एकच रडगाणं लावलं. वजन ठीक. हिरव्या रंगावरचे सोनेरी आकडे सहाव्या महिन्यात डी२० वरून उडायला लागले, बायकोच्या नेलपॉलिशने भरले. फरशीवर टाकले तर पोत्यांखाली जातात. आम्ही सुपात टाकतो, सूप उत्तम. आणि तो जास्तीचा डी८ अगदीच वाया गेला असं नाही: भाऊजींच्या स्लीप स्पेलला ५ डी८ लागतात, दोन असल्याने तीन फेऱ्यांत काम होतं. विक्रेत्याने हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही.

दिवाळीनंतर मी डी४ सुताराकडून करून घ्यायचं ठरवलं. सुटा डी४ ऑनलाइन ४० रुपयांना मिळतो, पण त्यावर पोचवणावळ ६०. आपल्याच न आलेल्या वस्तूचे शंभर रुपये मी देणार नाही. सुताराला सांगितलं, चार बाजूंचा लहान ठोकळा. त्याने सागवानाचा सुबक कळस करून आणला, खाली चौकोन आणि वर चार त्रिकोण. म्हणजे बाजू झाल्या पाच. तोंडाने समजावता येईना, शेवटी भाच्याने बटाटा कापून नमुना केला, चारही बाजू त्रिकोणी, आणि तो बटाटा रुमालात बांधून सुताराकडे नेला. दुसऱ्या दिवशी बरोबर आला. आकडे भाऊजींनी स्वतः मार्करने घातले: प्रत्येक टोकापाशी एक आकडा, तिन्ही बाजूंना तोच, आणि जे टोक वर राहील तो आकडा धरायचा. पैसे सुताराने घेतले नाहीत, चहा घेतला.

तो खोटा पडतो. मी दुकानात शंभर वेळा टाकून वहीत लिहिलं: ४ हा ४१ वेळा आला. हिशेबाने २५ च्या आसपास हवा. घासून नीट करतो म्हटलं तर भाऊजी हात लावू देत नाहीत, सदऱ्याच्या खिशात घालून घरी नेतात. गॉब्लिन आता भराभर मरतात.

म्हणून दोन तारे. विक्रेत्याने डी४ पाठवला तर तीन करीन.

परवा ताई म्हणाली, मीही बसते. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, ताईला क्लेरिक द्यायची: हिट डाय (हिट पॉइंट ठरवणारा फासा) डी८, जखम भरायचा क्युअर वूंड्स १ डी८, आपले दोन्ही डी८ कामाला लागतील. शहाण्यासारखा आकड्यांचा विषय काढला नाही. विचारलं, 'ताई, पडदा उघडला, तू काय करतेस?' ती म्हणाली, 'हे तीस वर्षं मले टोमणे मारून राहिले. आता माही पाळी.'

सुताराकडे परत बटाटा पाठवला आहे.