बॅटरी बदलायला सांगितली होती, बिघाड निघाला पिनांमध्ये

साताऱ्यात ई-सायकली विकणारे आता बरेच झालेत, पण बिघाड शोधून काढणारा माणूस मिळणं अवघड. म्हणून या दुकानाबद्दल जरा सविस्तर लिहिते. गोडोलीतली छोटीशी जागा आहे. बाहेर साध्या सायकलींची पंक्चरं निघतात आणि आत टेबलावर मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र), सोल्डरिंगचं सामान.

माझी सायकल माउंटन बाइक प्रकारातली, 36 व्होल्टची, मागच्या चाकात 250 वॅटची हब मोटर. गुडघ्यांमुळे साध्या सायकलवर घाट झेपत नाही आणि कासचा रस्ता मला सोडायचा नाही. तक्रार अशी, की पोवई नाका ते राजवाडा कितीही फिरा, काही होत नाही. यवतेश्वरच्या घाटात चढावर एखादा खड्डा लागला की सगळं गुल. बटण दाबलं की पुन्हा चालू, बॅटरी भरलेलीच. चढावर पाय टेकेपर्यंत सायकल मागे घसरते, मागून एसटी येत असली तर जीव घाबरा होतो. जिथून सायकल घेतली तिथल्या सर्व्हिसवाल्यांनी फोनवर ऐकूनच बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नव्या बॅटरीला सायकलच्या जवळजवळ निम्मे पैसे.

इथल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "ताई, बंद पडते तेव्हा डिस्प्ले जातो, का डिस्प्ले चालू राहून नुसती मोटर सुटते?" डिस्प्ले जात असेल तर बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतच्या (म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीपर्यंतच्या) वाटेत कुठेतरी वीज तुटते. डिस्प्ले चालू राहून मोटर सुटत असेल तर ब्रेकचा स्विच, पेडलचा सेन्सर, स्पोकवरचा मॅग्नेट, मोटरची केबल, हे बघायचं. माझं तर सगळंच गुल व्हायचं, म्हणजे पहिला प्रकार. एवढ्या एका प्रश्नानं अर्धी सायकल तपासायची वाचली.

बॅटरी टेबलावर तपासली तेव्हा 42 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. पण नुसत्या तेवढ्यावर त्यांनी ती चांगली ठरवली नाही. जुन्या बॅटरीत सेलचा एखादा गट कमजोर असेल तर जागेवर आकडा बरोबर दिसतो आणि लोड आला की बसतो, मग आतली संरक्षण सर्किट पुरवठा तोडते. म्हणून त्यांनी बॅटरीच्या बाजूला एक आणि कंट्रोलरच्या बाजूला एक अशा दोन मल्टिमीटरच्या वायरी बाहेर काढल्या, दोन्ही मल्टिमीटर हँडलला बांधले आणि स्वतः घाटात सायकल चालवून आले. बॅटरीकडचा आकडा चढावर थोडा उतरून स्थिर राहिला. कंट्रोलरकडचा मात्र प्रत्येक धक्क्याला नाचत होता. म्हणजे बॅटरी ठीक, मधला जोड खराब.

फ्रेमवर बॅटरी जिथे सरकून बसते तिथल्या पिना काळ्या पडल्या होत्या, एकीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. बॅटरी आपल्या खाचेत किंचित हलत होती. प्रत्येक हादऱ्याला पिन क्षणभर सुटते, ठिणगी पडते, कार्बन धरतो, त्यानं जोड आणखी तापतो. गावात का होत नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं. सपाटीवर मोटर कमी करंट ओढते, त्यामुळे पिन क्षणभर सुटली तरी कंट्रोलरमधला कपॅसिटर (थोडीशी वीज साठवून ठेवणारा भाग) तेवढं निभावून नेतो. चढावर तोच कपॅसिटर झटक्यात रिकामा होतो. हे कळल्यावर सगळी तक्रार एकदम उलगडली, आणि आजवर मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पिनांची पूर्ण प्लेट बदलली, खाचेत रबराची पट्टी लावून बॅटरी घट्ट बसवली. डाव्या ब्रेकच्या स्विचमध्ये पावसाचं पाणी गेलं होतं, तेही निघालं. स्विचचा प्लग काढून तपासला आणि वाळवून परत जोडला. काही जण तो काढूनच ठेवतात, म्हणजे कटकट नाही. इथे तसं करत नाहीत, कारण ब्रेक दाबल्यावर मोटर थांबलीच पाहिजे. बॅटरीचा पॅकही ते दुकानात उघडत नाहीत, लिथियमचं काम त्यासाठीच्या जागी व्हावं म्हणतात. माझ्या मते हीच खरी जबाबदारी.

खर्च नव्या बॅटरीच्या तुलनेत किरकोळ आला. जुनी प्लेट हातात दिली, काय बदललं ते बिलावर लिहून दिलं.

उणिवा आहेत. प्लेट पुण्याहून मागवावी लागली, तोवर सायकल त्यांच्याकडेच होती. मधे फोन केला तर उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊनच विचारावं लागतं. पुढच्या सस्पेन्शनचं आणि हायड्रॉलिक ब्रेकचं काम ते घेत नाहीत, त्यासाठी दुसरीकडे जा. जागा इतकी अरुंद आहे, की दोन सायकली आत असल्या तर तिसरी रस्त्यावर उभी राहते.

जाताना चार्जर आणि बॅटरीची किल्ली दोन्ही सोबत न्या. सायकल कुठे बंद पडते, चढावर की सपाटीवर, कोरड्यात की पावसात, ते आठवून ठेवा. शक्य असेल तर डिस्प्लेचा व्हिडिओ काढून न्या, दादा तो नीट बघतात.