विमान रद्द झाले किंवा लटकले: भरपाई कोणत्या नियमाखाली मागायची, आणि स्वतः की दावा लढवणाऱ्या एजन्सीमार्फत?

मुंबई–फ्रँकफर्ट–मुंबई असे तिकीट आहे आणि कंपनी भारतीय आहे, असे धरू. जाताना पाच तास उशीर झाला तर युरोपीय नियमाखाली छदामही मिळत नाही. येताना त्याच कंपनीने तेवढाच उशीर केला, तर माणशी ६०० युरो. कंपनी जर्मन असती तर दोन्ही वेळा ६००. म्हणून ‘किती मिळतील’ हा प्रश्न नंतरचा. विमान कुठून सुटले आणि ते चालवत कोण होते, हे आधी बघायचे.

युरोपीय संघाचा नियम २६१/२००४ युरोपातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागतो. बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंडही यातच धरा. कोडशेअरमध्ये (तिकीट एका कंपनीचे, विमान दुसरीचे) तिकीट कोणी विकले याला महत्त्व नाही. ‘ऑपरेटेड बाय’पुढे जिचे नाव असते तिच्याकडे मागायचे. फ्रँकफर्ट–दुबई–मुंबई एकाच बुकिंगवर असेल आणि दुबईचे कनेक्शन चुकले, तर उशीर मुंबईला मोजतात, अंतरही फ्रँकफर्ट ते मुंबई असे सरळ धरतात. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर हा हक्क गेला. स्वस्तात पडते म्हणून तिकीट तोडून घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

तीन नियम, तीन स्वभाव

युरोपचा नियम सगळ्यात उदार आहे, कारण रक्कम ठरलेली आहे आणि नुकसान सिद्ध करावे लागत नाही. १,५०० किमीपर्यंत २५० युरो, त्यापुढे ३,५०० किमीपर्यंत ४००, त्याहून लांब ६००. युरोपीय संघाच्या आतले विमान कितीही लांबचे असले तरी ४०० च्या वर जात नाही. उशीर पोहोचण्याच्या ठिकाणी किमान तीन तासांचा हवा. ३,५०० किमीच्या पुढे तीन ते चार तासांचा उशीर असेल तर ६०० चे ३०० होतात. ब्रिटनने बाहेर पडल्यावर हाच नियम ठेवला, फक्त पौंडांत: २२०, ३५० आणि ५२०.

यात घोळ होतो तो वेळेचा. समजा वेळापत्रकानुसार विमान १.२० ला पोहोचायचे होते. चाके टेकली ४.११ ला, दार उघडले ४.२४ ला. कंपनी पत्रात ४.११ लिहून ‘उशीर २ तास ५१ मिनिटे’ असे कळवते आणि विषय संपवते. पण युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच ठरवून दिले आहे की दार उघडून प्रवाशांना उतरता येते ती वेळ धरायची. म्हणजे ३ तास ४ मिनिटे. दार उघडताना मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. वेळ त्यातच नोंदली जाते.

दुसरा घोळ ‘असाधारण परिस्थिती’चा. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप, पक्ष्याची धडक, यांत कंपनी सुटू शकते. नेहमीचा तांत्रिक बिघाड यात बसत नाही, आणि कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारवाढीसाठी केलेला संपही नाही. ‘ऑपरेशनल कारणास्तव’ असे मोघम उत्तर आले तर नेमके कारण लेखी मागा. कारण सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे. भरपाई नाकारली तरी जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावेच लागते. दिले नाही तर वाजवी खर्च करा आणि पावत्या जपा.

विमान रद्द झाल्याचे १४ दिवस आधी कळवले असेल तर भरपाई नाही. त्यानंतर कळवले, तर पर्यायी विमान मूळ वेळेच्या किती जवळचे दिले यावर ठरते.

भारतातला डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नियम वेगळ्याच धाटणीचा आहे. उशिरासाठी रोख रक्कम नाहीच. ठरावीक तासांनंतर खाणेपिणे मिळते, आणि उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा. वेळेत न कळवता रद्द केले तर उड्डाणाच्या नियोजित कालावधीनुसार एका तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे २,८०० च्या तिकिटावर ५,००० ची आशा धरू नका. आणखी एक मेख: पर्यायी विमान स्वीकारलेत तर ही रक्कम मिळत नाही, ती परताव्याच्या जोडीने येते. बुकिंगमध्ये आपला मोबाइल नंबर नीट दिला नसेल, तर ‘कळवायला संपर्कच नव्हता’ म्हणून कंपनी हात वर करते. एजंटाने स्वतःचाच नंबर टाकला असेल तर तो आधीच बदलून घ्या.

तिसरा माँट्रियल करार, आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी. यात ठरलेली रक्कम नाही, झालेले नुकसान भरून मिळते. उशिरासाठी कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी ६,३०३ एसडीआर आहे (हे नाणेनिधीचे हिशेबी चलन). बुडालेले हॉटेल, हुकलेली क्रूझ, नव्याने काढलेले तिकीट, प्रत्येकाची पावती हवी. पावती नसलेला मनस्ताप इथे फारसा चालत नाही. दावा दोन वर्षांत कोर्टात गेला पाहिजे; नुसते मेल करत बसलात तर मुदत थांबत नाही. युरोपच्या नियमाची मुदत देशागणिक बदलते: जर्मनीत वर्षअखेरीपासून तीन वर्षे, फ्रान्समध्ये पाच.

स्वतः की एजन्सी?

आमचे मत स्पष्ट आहे: पहिली मागणी स्वतः करा. कंपनीच्या संकेतस्थळावर फॉर्म असतो. पीएनआर, १३ आकडी तिकीट क्रमांक, विमान क्रमांक, तारीख, दार उघडल्याची वेळ आणि प्रत्येक प्रवाशाचे नाव भरायचे. ‘नियम २६१/२००४, कलम ७ नुसार ६०० युरो’ असा आकडा नेमका लिहा. ‘योग्य ती भरपाई’ लिहिलेत की व्हाउचर देऊन तोंडाला पाने पुसतात. व्हाउचर तुमच्या लेखी संमतीशिवाय लादता येत नाही. भारतीय खात्यात पैसे हवे असतील तर स्विफ्ट कोड द्या आणि मधल्या बँकेची कपात धरून चाला.

दोन महिने उत्तर नाही किंवा नकार आला, तर मग फाटा फुटतो. जर्मन विमानांसाठी ‘श्लिश्टुंग राइझे उंट फेरकेअर’ ही तडजोड घडवून आणणारी संस्था प्रवाशाकडून पैसे घेत नाही. तिथला विमान नियामक मात्र तुमचे पैसे वसूल करून देत नाही, तो कंपनीला दंड करतो. त्याच्याकडे तक्रार करून वाट बघण्यात महिने जातात. भारतातल्या तक्रारीसाठी एअरसेवा पोर्टल, आणि तिथेही हलले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे.

एजन्सीची खरी किंमत इथे कळते. हरलात तर काही द्यायचे नाही, जिंकलात तर त्यांचा वाटा. ३५ टक्के असेल तर ६०० मधले २१० गेले. कोर्टात जावे लागले म्हणून तो निम्म्यावर गेला तर हातात ३००. नकार आलेला आहे, भाषा जर्मन किंवा फ्रेंच आहे, तिथले कोर्ट गाठणे शक्य नाही, अशा वेळी हा वाटा रास्त आहे. फॉर्म भरून सहा आठवड्यांत मिळणाऱ्या पैशांसाठी मात्र नाही. डीजीसीएच्या पाच-दहा हजारांसाठी तर ही वाट धरूच नका.

सही करण्याआधी करारात बघा की तुम्ही त्यांना फक्त प्रतिनिधी नेमता आहात की दावाच त्यांच्या नावे करून देता आहात. दुसऱ्या प्रकारात कंपनीने नंतर थेट तुम्हाला देऊ केले तरी ते पैसे तुमचे नसतात, आणि मधेच माघार घेतली तर शुल्क लागू शकते.