रोटेटर कफ: सिंगल रो घालावी की डबल रो?

दुर्बिणीतून खांद्याच्या शस्त्रक्रिया नव्याने सुरू करणाऱ्या सर्जनांकडून हा प्रश्न हमखास येतो. रोटेटर कफ म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे. ते हाडावरून फाटले की हाडात अँकर (धागे लावलेले छोटे खिळे) बसवून परत शिवतात. अँकरची एक रांग म्हणजे सिंगल रो, दोन म्हणजे डबल रो. मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्या आहेत, त्यावरून बोलतोय. तुमचा हात वेगळा, तुमचे रुग्ण वेगळे, तेव्हा थोडं डावं-उजवं होणारच.

डबल रोची बाजू आधी घेऊ, कारण ती भक्कम आहे. एका रांगेत टेंडन हाडाला जेमतेम एका पट्टीवर टेकतो आणि फूटप्रिंटचा, म्हणजे हाडावरच्या टेंडनच्या मूळ जागेचा, उरलेला भाग उघडा राहतो, हा आक्षेप खराच आहे. लो आणि बर्कहार्ट यांनी २००३ मध्ये दुर्बिणीतून दोन रांगांची पद्धत मांडली ती यासाठीच. २००६ मध्ये पार्क आणि सहकाऱ्यांनी सूचर ब्रिज आणला: आतल्या रांगेचे धागे टेंडनवरून बाहेरच्या अँकरपर्यंत न्यायचे आणि टेंडन हाडावर दाबून बसवायचा. प्रयोगशाळेत ही शिवण जास्त ओढ सोसते. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या टिअरमध्ये (फाटीत) ती एमआरआयवर शाबूत सापडण्याची शक्यताही जास्त. मात्र दुखणं किती कमी झालं आणि हात किती वर जातो, एवढंच पाहिलं तर लहान-मध्यम टिअरमध्ये मला दोन्हींत फारसा फरक जाणवलेला नाही. वेळ आणि अँकर डबल रोला जास्त लागतात, हे वेगळं सांगायला नको.

माझा कौल फिरला तो रिव्हिजनच्या, म्हणजे सुटलेली शिवण पुन्हा करण्याच्या, टेबलावर. सिंगल रो सुटते तेव्हा बहुतेक वेळा धागा टेंडन कापत बाहेर येतो आणि टेंडन हाडापासून मागे सरकतो. वाईट वाटतं, पण टेंडनची लांबी बऱ्यापैकी शिल्लक असते. मोकळा करून, ओढून आणून पुन्हा शिवता येतो. डबल रो सुटते तेव्हा आत गेल्यावर आधी समाधान वाटतं, कारण फूटप्रिंटवर टेंडन छान चिकटलेला असतो. मग दुर्बीण थोडी आत वळवली की आतल्या रांगेच्या पलीकडे, स्नायू आणि टेंडन जिथे जुळतात तिथे, भोक दिसतं. हाडाकडे टेंडनचा बुंधा तसाच, आणि स्नायूकडे शिवायला हाती लागतात त्या मऊ चिंध्या. त्यात ट्युबरोसिटी (टेंडन जिथे बसतो तो हाडाचा उंचवटा) जुन्या अँकरनी भरलेली असते. अशा खांद्यावर काय करायचं याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

असं का होतं, याचा अंदाज पहिल्या शस्त्रक्रियेतच येतो. आतल्या रांगेची गाठ घट्ट बसली की तिच्याभोवतीचा टेंडन डोळ्यांदेखत पांढरा पडतो. सगळा ताण त्याच रेषेवर येतो आणि तिथला रक्तपुरवठाही दबतो. गाठ न मारता धागे नुसते ओवून बाहेर नेले तर हा त्रास कमी होतो, असं माझं निरीक्षण आहे. डबल रो करायचीच तर मी तशीच करतो.

एरवी मी एकच रांग घालतो, पण नीट. अँकर कूर्चेच्या कडेला लागून, प्रत्येकात तीन धागे, आणि टेंडनला जेवढं सहज येता येईल तेवढंच आणायचं. उघड्या राहिलेल्या हाडावर बारीक छिद्रं पाडतो. सांध्यात पाणी सोडणाऱ्या पंपाचा दाब उतरवला की त्यातून चरबीच्या थेंबांसकट मज्जेतलं रक्त वर येताना दिसतं. तिथे गुठळी धरते आणि उघडा भाग बराचसा झाकला जातो. फूटप्रिंट न झाकल्याची चुटपुट मला यामुळे उरत नाही.

दोन रांगांची जागाही आहे. टिअर मोठी, माणूस तरुण आणि अंगमेहनतीचा, एमआरआयवर स्नायूत चरबी नाही, आणि मुख्य म्हणजे हात अंगालगत असताना ग्रॅस्परने (चिमट्याने) धरलेला टेंडन फूटप्रिंटच्या बाहेरच्या कडेपर्यंत जोर न लावता येतो. एवढं जुळलं तर जरूर करा. स्लिंगचे आठवडे आणि फिजिओथेरपी दोन्हींत जवळपास सारखीच, त्यामुळे त्या कारणाने निवड करू नका. ग्रॅस्परला जरा जरी ताण जाणवला, तरी मी दुसरी रांग घालत नाही.