फ्लायव्हीलचे दात गेले: वॉरंटीसाठी भांडावं की गॅरेज गाठावं?

सेल्फ मारला की कर्रर्र आवाज, आणि गिअरमध्ये टाकून गाडी जरा ढकलली की पुन्हा सुरळीत. म्हणजे फ्लायव्हीलच्या, इंजिनमागच्या जड चाकाच्या, कडेवरच्या रिंगचे दात गेले; सेल्फ मोटर त्यांनाच धरून इंजिन फिरवते. चार सिलिंडरचं इंजिन बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं, म्हणून झीजही तिथेच. वॉरंटी उरली असेल तर सर्व्हिस सेंटर, की नागपूरच्या वाडी भागातलं एखादं जुनं गॅरेज?

सर्व्हिस सेंटरमध्ये मंजुरी मिळाली तर अख्खं फ्लायव्हील नवं आणि फुकट. पण तपासणीसाठी गिअरबॉक्स आधीच उतरवतात, आणि माझं मन तिथेच फिरतं. गाडी रॅम्पवर उघडी, कंपनीचा निरोप येईना, आणि शेवटी ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ म्हणून नकार आला की उतरवण्या-चढवण्याची मजुरी आपल्या माथी. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर मान टाकतात, त्यामुळे ‘बॅटरी कमजोर, सेल्फ वारंवार मारला’ हे कारण तयारच असतं.

म्हणून आधी फक्त सेल्फ मोटर काढायला लावा. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा आणि भोकातून सगळ्या दातांचे फोटो घ्या. पुढच्या निम्म्या रुंदीतच झीज आणि मागचा भाग कोरा दिसला, तर बेंडिक्सचा पिनियन, म्हणजे सेल्फ मोटरचं रिंगमध्ये अडकणारं छोटं दातेरी चाक, पूर्ण आत जात नव्हता. दोष सोलेनॉइडचा (पिनियन पुढे ढकलणाऱ्या विद्युतचुंबकाचा) किंवा बसवणुकीचा, दावा भक्कम. जॉबकार्डवर ‘आवाज तपासणे’ चालणार नाही, ‘सेल्फ मारताना दात घसरतात’ असंच लिहवून घ्या. बॅटरीचा लोड टेस्ट (भार देऊन केलेली चाचणी) जोडा, नकार लेखी मागा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे जायला 2 वर्षं असतात.

दुहेरी फ्लायव्हील (ड्युअल मास, मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरच बरं. साध्या फ्लायव्हीलवर, वॉरंटी संपत आली असेल तर, मला गॅरेज जास्त पटतं. ट्रकवाल्यांकडे नुसती रिंग बदलणं नेहमीचं काम आहे: नवी रिंग साधारण 200 ते 230 अंशांपर्यंत तापवून बसवायची. दात निळे पडले तर पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला समजा. दातांची उतरती कड पिनियन ज्या बाजूने येतो तिकडे हवी. पिनियनही बदलाच, झिजलेला पिनियन नवी रिंग खातो. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घ्या. वेल्डिंगने दात भरून देतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

बाहेर काम केलं की पुढे क्लच-गिअरबॉक्सच्या दाव्याला फाटे फुटू शकतात, तेव्हा लेखी नकार हातात आल्यावरच गाडी हलवा आणि जुनी रिंग घरी आणा.