मांडवीतल्या बोटीवरची पोकर रूम, स्मॉल ब्लाइंडवरून बघितलेली

सावंतवाडीहून शुक्रवारी संध्याकाळी निघालो, मांडवीत उभ्या असलेल्या एका बोटीवर रात्रभर पोकर खेळलो, त्याचा हा रिव्ह्यू. मावसभाऊ पणजीचाच, पण तो जेटीवर सोडून घरी गेला, गोव्यात राहणाऱ्यांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे ना. ओळखपत्र न्या, २१ च्या खालच्यांना सोडत नाहीत. जेवण एंट्रीतच धरलेलं, शाकुती चांगली होती.

आता टेबल. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी सक्तीने लावायचे पैसे, १००-२०० (स्मॉल आणि बिग), मी २०,००० घेऊन बसलो. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैसे लावून खेळणं बंद झालं तेव्हापासून हात रिकामाच होता. डीलर एकदम तयार, पाळी नसताना कोणी चिप्स पुढे सरकवल्या तर शांतपणे परत करायचा, चढ्या आवाजात बोलणं नाही. पण एक लक्षात घ्या, इथे लोक फोल्ड करायला, म्हणजे पत्ते टाकून द्यायला, येत नाहीत.

बटनवरच्या (मधले पत्ते उघडल्यावर सगळ्यात शेवटी बोलणारी सीट) काकांनी ६०० केले, मी स्मॉल ब्लाइंडला, हातात बदामचे एक्का-राणी, सवयीने तिप्पट म्हणजे १८०० केले. बिग ब्लाइंड गेला, काकांचा लगेच कॉल, म्हणजे तेवढेच पैसे लावून पुढे. आणि का नाही करणार, ३८०० च्या पॉटसाठी (मधे जमणारे पैसे, त्यांचे धरून) त्यांना १२०० च घालायचे होते, ३२ टक्के चान्स असला तरी भागतं, वर फ्लॉप (मधले पहिले तीन खुले पत्ते), टर्न (चौथा), रिव्हर (पाचवा) तिन्हीला मी आधी बोलणार आणि ते बघून ठरवणार. फ्लॉप नऊ-आठ-चौका, मी चेक (पैसे न लावता पाळी पुढे), त्यांचे २०००, मी पत्ते टाकले.

तासाभराने तेच काका, तेच ६००, माझ्याकडे इस्पिकचे एक्का-राजा. यावेळी २७००. आता ५६०० च्या पॉटसाठी २१०० घालायचे, साडेसदतीस टक्के लागतात. काकांनी चिप्स दोनदा मोजल्या, पत्ते परत उचलून बघितले आणि सोडले. फ्लॉप आला नाही तर इथे रेक (पॉटमधून कॅसिनोचा वाटा) कापत नाहीत, हे डीलरने सांगितलं, म्हणजे आउट ऑफ पोझिशन (आपल्याला आधी बोलायचं असताना) थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) मोठाच मारायचा हे अजूनच पटलं. स्मॉल ब्लाइंडवरून नुसता कॉल तर नकोच, मागे बिग ब्लाइंड री-रेज करायला मोकळा असतो.

एक्का-पंजा सूटेडने (दोन्ही एकाच चिन्हाचे) ब्लफ पण करून बघितला. आपल्याकडे एक्का असला की समोर एक्क्यांची जोडी असायचे ६ प्रकार ३ वर येतात, एक्का-राजाचे १६ चे १२ होतात, हिशोब बरोबरच आहे, पण समोरचा फोल्ड करणारा हवा ना. दोनदा केला, दोन्हीदा कॉल आला, मग बंद केला आणि फक्त चांगल्या पत्त्यांवर मोठे रेज ठेवले, रात्र त्यावरच सावरली.

तक्रार एकच. रेक किती आणि जास्तीत जास्त किती कापणार हे कुठेच लिहिलेलं नाही, दोघांना विचारलं तर दोन वेगळी उत्तरं. खेळणाऱ्याच्या खिशातून जातोय तर बोर्ड लावायलाच हवा, त्याचा एक स्टार कापला, पाचपैकी चार. आणि बसताना जो सारखा रेज करतो त्याच्या डाव्या हाताची सीट मागा, मी दोनदा मागितली, पहाटेपर्यंत रिकामी झाली नाही.