इन्स्टाग्राम की व्हॉट्सॲप बिझनेस: गोव्यातील छोट्या व्यावसायिकाने आधी काय निवडावे?

गोव्यात घरगुती पदार्थांचा किंवा होमस्टेचा व्यवसाय एकट्याने सांभाळणाऱ्याला रोजचा जेमतेम तासभर समाजमाध्यमांसाठी मिळतो. तो इन्स्टाग्रामला द्यावा की व्हॉट्सॲप बिझनेसला, हे त्यामुळे विचारपूर्वक ठरवावे लागते. दोन्हींची मालकी मेटाकडे आहे आणि दोन्ही पैसे न मोजता सुरू करता येतात, परंतु ग्राहकाशी जुळणारे नाते मात्र दोन्हीकडे निराळे असते.

इन्स्टाग्रामचे बळ अनोळखी माणसापर्यंत पोहोचण्यात आहे. 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले बेबिंक, म्हणजे गोव्याचे थराथरांचे गोड पक्वान्न, घ्या: एक थर वरच्या आचेवर भाजून झाल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही, ही मेहनत अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये पाहिली की पुण्यात बसलेल्या माणसालाही त्या किमतीमागचे कारण कळते. मात्र तुमची पोस्ट कोणाला दाखवायची हे इन्स्टाग्रामची यंत्रणा ठरवते, त्यामुळे जुने ग्राहक फॉलोअर असले तरी त्यांना ती दिसेलच असे नाही. शिवाय अनोळखी व्यक्तीचा संदेश विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात जातो, आणि तो कप्पा रोज उघडला नाही तर विचारणा तशीच पडून राहते.

व्हॉट्सॲप बिझनेसचा पसारा लहान, पण ओलावा अधिक. एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवणाऱ्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. अनेकांना ही अडचण वाटते, मला मात्र ती उपयोगाची शिस्त वाटते, कारण क्रमांक जतन करणाऱ्याने तुम्हाला एका अर्थी घरात घेतलेले असते. माझी बहीण डिचोलीत चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, नेवऱ्या (करंज्या) आणि लाडवांच्या ऑर्डरी घेते. ग्राहकांच्या नावांपुढे तिने ‘साखर कमी’, ‘तीळ नको’ अशी लेबले लावून ठेवली आहेत, त्यामुळे दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा विचारावे लागत नाही. एकदा साखळी गावच्या एका काकींनी, नेवऱ्या डब्यातच उकलून चूण (आतले सारण) बाहेर सांडल्याचे छायाचित्र पाठवले. तयार उत्तराचे बटण न दाबता बहिणीने स्वतःच्या आवाजात संदेश पाठवला: “काकी, शेवटच्या घाण्याला मुरड घालताना माझी घाई झाली. उद्या सकाळी दुसऱ्या पाठवते.” सकाळी डबा पोहोचला, आणि त्या काकी आजही तिच्याकडूनच नेवऱ्या घेतात.

हीच तक्रार इन्स्टाग्रामवर टिप्पणी म्हणून आली असती तर तिथे जाहीर उत्तर देणे भाग होते. ते उत्तर प्रामाणिक असेल तर वाचणाऱ्या इतरांचाही विश्वास वाढतो, हा इन्स्टाग्रामचा खरा लाभ आहे. टिप्पणी पुसून टाकणे मात्र दोन्ही बाजूंनी नुकसानीचे ठरते.

इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन किंवा मोफत मुक्काम देऊन प्रसिद्धी मिळवायची असेल, तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नियम नसता तरी ग्राहकाला हे कळायलाच हवे होते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून पेडणे किंवा काणकोणच्या होमस्टेने, ज्याचा पाहुणा दरवेळी नवा आणि बाहेरगावचा असतो, इन्स्टाग्रामपासून सुरुवात करावी, आणि पाहुणा निघताना त्याच्या संमतीनेच क्रमांक घ्यावा. फोंडा, डिचोली, म्हापसा येथे तीच ती कुटुंबे ज्याच्याकडे वर्षानुवर्षे येतात त्याने आधी व्हॉट्सॲप बिझनेस निवडावे, कॅटलॉगमध्ये दर स्पष्ट लिहावेत, आणि चवथीच्या महिनाभर आधी यादीला एकच संदेश पाठवावा. रोज ‘शुभ सकाळ’ची चित्रे पाठवू नयेत, कंटाळलेला ग्राहक क्रमांक ब्लॉक करतो, आणि त्याची सूचना आपल्याला येत नाही.