पेटीखाली दबलेली खंजिरी: रीपर आणि टीडीआर नोव्हा, काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. घरच्या मिक्समध्ये वाद्य उठून दिसायला महागडं काही लागत नाही. रीपर हे डॉ (म्हणजे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) आणि टीडीआर नोव्हा हा फुकटातला डायनॅमिक ईक्यू (डॉच्या आत चालणारं, आवाजातले जाड-बारीक सुरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं साधन), या जोडीवर दिवाळीपासून माझं सगळं काम चाललंय. दोन्ही ठेवणार आहे.

काम काय, तर नागपूरच्या मानेवाड्यातल्या घरातली एक खोली आणि तिथे येणारी भजन मंडळं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या विदर्भात भजन म्हटलं की खंजिरी आलीच. सोबत पेटी, तबला, टाळ, बुवा आणि मागे झील धरणारे तीन-चार जण. ऐकायला भरगच्च, मिक्स करायला महाकठीण. कारण पेटी सगळीकडे असते. बुवांची पट्टी काळी एक धरली तर मधला सा १३९ हर्ट्झच्या आसपास येतो. पेटी त्याच सुरावर, आणि आतल्या पितळी पट्ट्यांमुळे (रीड) तिचे उपस्वर थेट तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत दाट भरलेले. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये, आणि शब्दांची व्यंजनंही तिथेच कळतात. म्हणजे ज्या जागेवर बुवांचा शब्द बसायला हवा, तिथे पेटी आधीच मांडी ठोकून बसलेली.

पहिलं भजन ऐकवलं तेव्हा खंजिरीवाले काका म्हणाले, "भाऊ, मी तर घाम गाळून वाजवली, अन् हे तं आयकूच नाही येऊन राहिलं." अशा वेळी कुणाचाही हात खंजिरीच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) जातो. ती वाढवली की बुवा दबतात, बुवांना वाढवलं की तबला जातो, आणि शेवटी मास्टरवर (सगळे आवाज एकत्र होतात तिथे) लाल दिवा, म्हणजे आवाज हद्दीबाहेर. वाद्य दबतं ते बहुतेक वेळा आवाज कमी म्हणून नाही, दुसऱ्या कुणीतरी त्याची जागा व्यापली म्हणून. त्यातही खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या नाजूक आवाजाला जास्त झाकतो, उलटं तेवढं होत नाही. म्हणून उठवायचं एक असलं तरी कात्री दुसऱ्यावर चालवावी लागते.

साध्या ईक्यूने पेटीचे ३ किलोहर्ट्झ कापले तर पेटी पूर्ण भजनभर आंधळी वाटते, बुवा गप्प असतानाही. नोव्हाची खरी किंमत इथे कळते. त्यातला प्रत्येक पट्टा गरज पडली तरच दाबतो. रीपरमध्ये बुवांच्या ट्रॅकवरून पेटीच्या ट्रॅकला ३/४ चॅनलवर सेंड (आवाजाची एक प्रत) द्यायचा, नोव्हाला साइडचेन (कधी दाबायचं तो इशारा) बाहेरून, म्हणजे बुवांच्या आवाजातून, घ्यायला सांगायचं आणि २.८ किलोहर्ट्झचा पट्टा जरा रुंद ठेवायचा. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) १२०च्या पुढे. थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) असा लावायचा की बुवा गातात तेव्हा पेटीचा तो पट्टा तीन डीबी (डेसिबल) खाली यावा, त्याहून जास्त नाही. अंतऱ्याला बुवा हळू आवाजात ओळ उचलतात तेव्हा पडद्यावर पेटीची रेष जेमतेम झुकते, ओळ संपली की परत वर. ऐकणाऱ्याला पेटी कमी झाल्याचं कळत नाही, फक्त शब्द कळायला लागतात. सहा डीबी घेतले तर मात्र पेटी श्वास टाकल्यासारखी आत-बाहेर होते आणि पेटीवाले बरोबर पकडतात.

खंजिरीचं दुखणं वेगळं. तिच्या झांजा आणि टाळ दोन्ही ६ किलोहर्ट्झच्या वर एकमेकांत गुंततात. तिथे ईक्यूपेक्षा जागा वाटून देणं कामी आलं. टाळ डावीकडे, खंजिरी उजवीकडे, आणि टाळांना थोडा जास्त रिव्हर्ब (घुमारा) देऊन मागे ढकलले. कोरडा, म्हणजे घुमारा नसलेला, आवाज जवळचा वाटतो, ओला लांबचा. थाप ठसठशीत यावी म्हणून रीपरमधलाच रीआकॉम्प हा कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन), अटॅक ३० मिलिसेकंद. थापेचं टोक कंप्रेसर पकडायच्या आत निघून जातं आणि मागची शेपटी तेवढी दबते. अटॅक २ वर नेऊन ऐका, खंजिरी कागदाची होते.

एक पथ्य: वाद्य सोलो करून (बाकी सगळं बंद करून) ईक्यू करू नका. एकटं छान वाटणारं वाद्य गर्दीत हमखास हरवतं. आणि बदल केल्यावर आवाजाची पातळी सारखी करूनच आधीचं आणि नंतरचं ताडून पाहा, कारण अर्धा-एक डीबी मोठं असलेलं कानाला उगाच चांगलं वाटतं. मास्टरवरचं मोनोचं (डावं-उजवं एकत्र करणारं) बटण दर वेळी दाबतो. बहुतेक लोक भजन मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात, तिथे डावं-उजवं फारसं उरत नाही. फक्त पॅनिंगच्या (डावी-उजवीकडे वाटण्याच्या) भरवशावर उठवलेली खंजिरी मोनोत परत बुडते.

नागपूरकरांसाठी खास: एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवून मिक्स करत असाल तर बंद कपांचा हेडफोनही पूर्ण वाचवत नाही. पंख्याची घरघर खालच्या सुरांना झाकते, मग आपण तबल्याचा डग्गा नको तेवढा वाढवतो आणि बर्डीला (सीताबर्डीला) कुणाच्या तरी कारमध्ये तो ढणढणताना ऐकून लाज वाटते. रेकॉर्डिंग तर ऊन चढायच्या आतच. कूलरचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, साध्या फिल्टरने तो पूर्ण निघत नाही.

आता पैशांचं. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, त्यानंतर सवलतीचं लायसन्स ६० डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. संगीतातून वर्षाला २० हजार डॉलरच्या वर कमावत नसाल तर तेच लागू, आणि आपल्याकडे कोण कमावतंय! उणी बाजू म्हणजे सोबत वाद्यांचे आवाज येत नाहीत, तानपुरासुद्धा वेगळा शोधावा लागतो. शिवाय मेन्यू इतके आहेत की पहिला महिना जेवायला घरचे हाका मारतात आणि तुम्ही राउटिंगमध्ये (कुठला आवाज कुठे पाठवायचा त्या जोडण्यांत) अडकलेले असता. ज्यांना नुसतं गिटार आणि गळा रेकॉर्ड करायचाय त्यांना एवढा खटाटोप नको, मोबाइलवरचं एखादं अॅपही चालेल.

नोव्हाच्या फुकट आवृत्तीत चार पट्टे मिळतात, शिवाय वरचा-खालचा फिल्टर. पैसे देऊन जेंटलमन्स एडिशन मिळते, ती मी घेतलेली नाही. ज्या ट्रॅकला चार पट्टे पुरत नाहीत त्याचा माइक चुकीच्या जागी असतो, असं आत्तापर्यंत तरी दिसलंय. पेटीचा माइक भात्यापासून हात-दीड हात लांब घेतल्यावर नोव्हाचे दोनच पट्टे लागायला लागले.